खिडकीशी धरलेला फिल्टर

१२ जानेवारी

टिक्या,

आशीर्वाद आहेतच, दर पत्रात वेगळे काय द्यायचे! फोनवर तू 'हो अप्पा, हो अप्पा' म्हणतोस आणि मागे कुठल्या तरी गिऱ्हाइकाला बिल समजावत असतोस, म्हणून लिहायला बसलो. पत्र वाचताना तरी तुझं तोंड बंद राहील.

गाडीचं विचारायचंय. तू आम्हाला दिलीस तेव्हा काय पळायची! आता ओढतच नाही. जरा चढ लागला की नुसती ओरडते आणि जागची हलत नाही. पेट्रोल तर असं पिते की पंपावरचा माणूस आता मला लांबूनच हात करतो. आईला आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीला न्यावं लागतं. खुब्याचं हाड जुळलं, पण बसच्या पायऱ्या तिला चढवत नाहीत. म्हणजे गाडी हवीच. समोरचा गॅरेजवाला इंजिन खोलू म्हणतोय. मी म्हटलं, थांब बाबा. माझा पोरगा सर्व्हिस सेंटरमध्ये टाय लावून बसतो, त्याला काहीतरी येत असेलच ना.

दुकान बरं चाललंय. बायकांची मनगटी घड्याळं हल्ली दुरुस्तीला घेत नाही. शर्टाच्या बटणाएवढी यंत्रं ती, त्यांत काय दम असणार! भिंतीवरची घेतो. माणसाने मोठं काम करावं.

सूनबाईला सांग, तिने विणलेला मफलर आई घरातसुद्धा काढत नाही.

तुझा बाप


२० जानेवारी

अप्पा,

नमस्कार. टाय काढून लिहितोय, म्हणजे खरं लिहिता येईल.

इंजिन अजिबात खोलू देऊ नका. मला वाटतं एअर फिल्टर भरला असणार. इंजिनाला पेट्रोलबरोबर हवाही लागते, आणि ती हवा एका घड्या घातलेल्या कागदातून गाळून आत जाते. कागद धुळीने भरला की इंजिनाला हवा पुरत नाही. मग ते ओरडतं, ओढत नाही आणि पेट्रोल जास्त खातं. तुम्ही सांगितलेली सगळी लक्षणं जुळतात.

बॉनेट उघडलंत की एक काळा प्लॅस्टिकचा डबा दिसेल. क्लिपा सोडवा, झाकण उचला, आतली चौकट बाहेर काढा. मग खिडकीशी उजेडासमोर धरा. कागदातून उजेड पलीकडे दिसला तर फिल्टर चांगला आहे, तसाच परत बसवा. उजेड दिसला नाही तर बदला. धुऊ नका, तोंडाने फुंकू नका, आणि फिल्टरशिवाय गाडी तर मुळीच चालवू नका. घड्याळात धूळ गेली की काय होतं ते तुम्हाला मी काय सांगू!

किती दिवसांनी बदलायचा, तर आमच्याकडे दर सर्व्हिसला 'बदलून टाका साहेब' म्हणायला शिकवतात. तुम्हाला म्हणून खरं सांगतो. डांबरी रस्ता असेल आणि चालवणं बेताचं असेल, तर वर्षातून एकदा काढून बघितला आणि वर्ष-दोन वर्षांनी बदलला तरी पुष्कळ झालं. सगळा कच्चा रस्ता असेल तर मात्र लवकर. एक नवा सोबत पाठवतोय, आमच्याच स्टोअरमधला आहे.

आणि तुमचं अक्षर केवढं झालंय! एका पानावर सहा ओळी? कागदाची गिरणी घेतलीत की काय?

टिक्या


२ मार्च

टिक्या,

शाबास. टायला काही अर्थ आहे म्हणायचा. जुना फिल्टर खिडकीशी धरला तर मिट्ट काळोख. नवा बसवला. चार दिवस बरं वाटलं.

पण आता पुन्हा तेच रडगाणं. काल तुझा नवा फिल्टर काढून बघितला. भर दुपारी, खिडकी सताड उघडी. उजेडाचा ठिपका नाही. मी चारही बाजूंनी फिरवला, उलटा केला, सुलटा केला. भरलाय रे पार. आणखी दोन पाठवून दे, म्हणजे सारखं मागायला नको.

अक्षराचं म्हणशील तर पेन जाड आहे. जाड पेनाने बारीक कसं लिहायचं ते तू दाखव, मग बोल.

अप्पा


१० मार्च

अप्पा,

दीड महिन्यात फिल्टर भरला? काहीतरीच काय! पाच वर्षं या काउंटरवर बसतोय, कापसाच्या गिरणीतल्या गाडीचासुद्धा इतक्या लवकर भरलेला पाहिला नाही.

रस्ता खणलाय का कुठे? शेजारी इमारत पाडतायत का? का गाडी उभी असते तिथे कुणी सिमेंटची पोती रिकामी करतंय? घर ते दवाखाना तर पक्का रस्ता आहे, मी स्वतः गेलोय त्यावरून. कुठे कच्च्यातून जाता का तुम्ही? तसं असलं तरी हरकत नाही, फक्त सांगा. कारण कळल्याशिवाय मला चैन पडत नाही, तुम्हाला माहीत आहे. लहानपणी तुमचं गजराचं घड्याळ खोललं ते काय उगीच?

एकच पाठवतोय. दोन नाही. आधी उत्तर पाठवा.

टिक्या


४ एप्रिल

टिक्या,

घर, दवाखाना, घर. मधे एकदा भाजी. सगळं डांबरी. एवढं उत्तर पुरे?

तिसराही गेला. परवा धरला खिडकीशी. काळाकुट्ट. आता मला वाटायला लागलंय की तुझ्या त्या मोठ्या कंपनीचा मालच रद्दड आहे. कागद जाड वापरतात, नवीन असतानाच उजेड येत नसेल. तू बसतोस तिथे काचेच्या आड, आणि लोकांच्या गळ्यात काय बांधतोस ते तुझं तुला ठाऊक नाही.

बाकी ठीक. डावीकडचा पत्रा जरा घासलाय. फाटकाशी कुणीतरी हातगाडी लावून ठेवली होती. लोकांना कुठे काय उभं करावं याची अक्कलच राहिलेली नाही.

आई बरी आहे. परवा काठीशिवाय स्वयंपाकघरापर्यंत गेली.

अप्पा


११ एप्रिल

अप्पा,

पत्रा घासला? किती? कुणाला लागलं का? हातगाडी होती आणि तिच्यापाशी माणूस नव्हता, एवढं तरी नक्की सांगा.

मला आठवडाभर काही सुचत नाहीये. तुमचं पत्र आल्यावर स्टोअरमधला नवा कोरा फिल्टर उघडून ट्यूबलाइटसमोर धरला. उजेड लख्ख येतो. म्हणजे मालात खोट नाही. इथे तोच फिल्टर लोकांच्या गाडीत वर्ष काढतो आणि तुमच्याकडे महिन्यात भरतो. मग एकच गोष्ट उरते, आणि आता रागावलात तरी मी बोलणार आहे. तुम्ही खडीवाल्या काकांच्या खाणीवर जाताय. पत्ते खेळायला. तुमच्या त्या मित्राच्या खाणीचा रस्ता म्हणजे नुसता फुफाटा. आणि तुमचं तिकडे येणं-जाणं चालतं हे आई फोनवर सांगत नाही, ती विषयच बदलते. मी गाडीचं विचारलं की तिला लगेच गॅसवर काहीतरी आठवतं.

अप्पा, जा की! मी काय तुम्हाला पत्ते खेळू नका म्हणणार आहे? पण आईला तिकडून हिंदकळत आणू नका. तिचं हाड आत्ता कुठे जुळलंय. आणि लपवू नका. काल गिऱ्हाईक समोर असताना मी त्याच्या ऐवजी तुमच्या गाडीचा नंबर लिहिला.

एक काम करा. काढलेले फिल्टर टाकले नसतील तर मला पाठवा. धूळ बघून सांगतो कुठली आहे ते. खडीची धूळ मी डोळे मिटून ओळखतो.

टिक्या


१९ एप्रिल

चिरंजीव,

बापावर पाळत ठेवायची वेळ आली का? धूळ तपासणार म्हणे. मी खोटं बोलतो, असंच ना?

खडीवाल्याचं तोंड मी वर्षभरात पाहिलेलं नाही. काही पाठवणार नाही. फिल्टरही नकोत तुझे. बाजारात मिळतात.

अप्पा


२५ एप्रिल

टिकू,

ह्यांना न सांगता पाठवते आहे. माळ्यावरच्या खोक्यात तीनही ठेवलेले होते, ह्यांच्या हातून काही टाकलं जातं का! शेजारच्या शिवणवाल्या बाईने पार्सल शिवून दिलं आणि पोस्टातही तीच गेली. तू फार लागेल असं लिहिलंस रे. दोन दिवस जेवले नाहीत नीट. खाणीवर बिणीवर कुणी जात नाही, एवढं माझ्या जिवावर सांगते.

मला गाडीतलं काही कळत नाही. तू बघ आणि काय ते ठरव. पण काही कळलं तर आधी मला लिही, त्यांना नको.

आई


३ मे

आई,

पार्सल मिळालं. दुपारी सुट्टीत गोदामामागे उघडलं.

पहिला फिल्टर मळलेला आहे, तो गाडीत आधीपासून होता तो. पण मी पाठवलेले दोन्ही? आई, ते नवे आहेत. पांढरे स्वच्छ. एकाच्या कोपऱ्यात नुसती पिवळट झाक आहे, बस. दोन्ही उन्हासमोर धरले, सगळ्या घड्यांमधून उजेड आरपार. आमचा स्टोअरवाला तिथे आला आणि म्हणाला, हे रॅकवर ठेवू का परत? मी तिथेच टायरवर बसलो.

दोन महिने मी डोक्यात रस्ते शोधत होतो. कुठली खाण, कुठलं खोदकाम. अप्पांनी तर पहिल्यापासून खरं तेच लिहिलं होतं. त्यांना उजेड दिसला नाही. मीच मूर्खासारखा धूळ शोधत बसलो.

ज्या अप्पांनी केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने बसवली, त्यांना भर दुपारी खिडकीतला उजेड दिसत नाही? आणि तू त्यांच्या शेजारी बसून गावभर जातेस? तीन वेळा फोन उचलला आणि ठेवला, कारण तो तेच उचलतील. मोठं अक्षर, भिंतीवरची घड्याळं, हातगाडी, सगळं आता एका ओळीत येऊन उभं राहिलंय.

खरं सांग. मला पत्र मिळेपर्यंत गाडीत बसू नकोस. पाया पडतो.

टिकू


८ मे

टिकू,

तू विचारलंस म्हणून सांगते, नाहीतर मला त्यांनी गळ्याची शपथ घातली होती. शपथेचं काय व्हायचं ते होवो.

मागच्या थंडीपासून दिसेनासं झालंय. आधी म्हणायचे भिंगाला ओरखडे पडलेत. नवं भिंग आणलं. मग म्हणायचे दुकानातला दिवा मंद आहे. मोठा दिवा आणला, तर म्हणाले डोळ्यांवर येतो. बायकांची घड्याळं गुपचूप दुसऱ्या घड्याळजीकडे पाठवायला लागले. तुझी पत्रंसुद्धा मीच वाचून दाखवते. मला चहा देताना कपाच्या बाजूला ओतला एकदा, आणि मीच कप हलवला म्हणून ओरडले. मी म्हटलं, हो, मीच हलवला.

गाडीचं सांगू का? ते चालवतात आणि मी बघते. 'डावीकडे सायकल.' 'पुढे रिक्षा थांबली.' 'सिग्नल लाल झाला.' ते म्हणतात, 'दिसतंय मला, गप्प बस.' पण ब्रेक दाबतात तो मी बोलल्यावरच. दुसऱ्या गिअरच्या वर जातच नाहीत. गाडी बिचारी ओरडते, मागचे लोक भोंगे वाजवतात, आणि हे मला म्हणतात, टिक्याच्या गाडीत दम राहिला नाही. मला गाडीतलं कळत नाही रे, पण एवढं कळत होतं.

मग तू म्हणशील, तू का बसलीस? बसले, कारण मला वाटायचं आम्ही दोघं मिळून एक धड माणूस होतो. पाय त्यांचे, डोळे माझे. आणि ते मला एकदा म्हणाले, टिक्याला कळलं तर तो गाडी नेईल, मग दुकानाला कुलूप, मग मी काय या खुर्चीत बसून तुला जेवण कधी आहे विचारत राहू? दुसऱ्या दिवशी मीच आधी गाडीत जाऊन बसले.

डॉक्टरकडे चला म्हटलं की अंगावर येतात. मोतीबिंदू असेल म्हणतात शेजारच्या बाई, त्यांच्या दिरांचा काढला. पण हे मान्य केल्यावर पुढचं ना!

मला भीती वाटते टिकू. त्या हातगाडीच्या मागे माणूस होता. त्याने उडी मारली म्हणून वाचला.

आई


१३ मे

अप्पा,

फिल्टर आईने पाठवले. तिच्यावर ओरडू नका, मी तिला पत्रांमधून छळलं म्हणून तिने पाठवले. खाणीचं लिहिलं त्याबद्दल माझ्या कानफटात मारा, मी गाल पुढे करतो.

तुम्ही बसवलेले फिल्टर स्वच्छ होते अप्पा. उजेड त्यांतून येत होता.

गिऱ्हाईक बंद घड्याळ घेऊन येऊन आरडाओरडा करायचं तेव्हा तुम्ही काय करायचात? शांतपणे म्हणायचात, 'आधी बघू तर द्या.' तेवढंच मागतोय. डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोललोय, तुमच्याच गावातल्या. मोतीबिंदू असेल तर काढता येतो. दुकान बंद करायला मी सांगत नाहीये. उलट ते चालू राहावं म्हणून सांगतोय.

पण गाडी नाही. आता नाही. तुम्ही एकटेच असतात तर मी एकदाच सांगितलं असतं आणि गप्प बसलो असतो. शेजारी आई बसते. रस्त्यावर लोकांची पोरं असतात.

रविवारी येतोय. किल्ली माझ्या हातात द्या. हिसकावणार नाही, तुमच्याशी झटापट करायची माझी हिंमत नाही. नाही दिलीत तर फाटकाशी गाडीसमोर उभा राहीन. मी दिसलो तर थांबा.

टिक्या


१६ मे

येऊ नकोस.

अप्पा


८ जुलै

टिक्या,

आशीर्वाद. हे पत्र तुला बारीक अक्षरात येतंय ते बघून ठेव, पेन तेच जाड आहे.

तू इथे असताना मी त्या दिवसाबद्दल अवाक्षर काढलं नाही. तूही काढलं नाहीस. तोंडाने मला जमणार नाही म्हणून लिहितो.

त्या रविवारी तू यायच्या आत निघायचं म्हणून मी आईला घाईने बसवलं. फाटक उघडंच होतं. मला वाटलं, अजून आला नाही. सरळ निघालो. तू समोर उभा होतास म्हणे, दोन्ही हात वर करून, पिवळा शर्ट घालून. मला दिसला नाहीस. मी तुला बघून थांबलो असं तुला वाटत असेल तर ते खरं नाही. आईने तुझं नाव घेऊन किंकाळी फोडली तेव्हा माझा पाय ब्रेकवर गेला. बंपर तुझ्या गुडघ्याला टेकला तेव्हा मला कळलं की तिथे कुणीतरी आहे. माझा पोरगा आहे.

त्यानंतर मी किल्ली दिली ती तुला घाबरून नाही दिली. तुझ्यावरच गाडी घातली असती या भीतीने किल्ली हातात राहत नव्हती. डॉक्टरकडेही त्याच भीतीने गेलो. तू म्हणालास म्हणून गेलो असं सूनबाईला सांगत फिरू नकोस.

आता उजव्या डोळ्याची गंमत ऐक. पट्टी काढली तर भिंत पांढरी होती! मी इतके दिवस तिला पिवळी समजत होतो आणि रंगाऱ्याला शिव्या घालत होतो. मग आई समोर आली. टिक्या, तिचे केस एवढे पांढरे कधी झाले ते मला कुणी सांगितलं नाही. मी बराच वेळ बघत राहिलो. ती म्हणाली, काय बघताय मेल्यासारखे. मी म्हटलं, काही नाही, डोळा तपासतोय. मग आत जाऊन रडलो, डॉक्टरने रडू नका सांगितलं होतं तरी.

दुकानात बायकांची घड्याळं पुन्हा घ्यायला लागलोय. उजवा डोळा भिंगाला, डावा मिटलेला, कुठे अडतंय!

आईला सध्या समोरचा गॅरेजवाला नेतो, इंजिन खोलू म्हणणारा, तू दुसरी किल्ली ज्याच्याकडे ठेवलीस तोच. आल्याबरोबर म्हणाला, काका, गाडी तर एक नंबर आहे, चौथ्या गिअरला लोण्यासारखी पळते. मी घाईने बॉनेटवरची धूळ पुसायला लागलो. आई मात्र पदरात तोंड घालून हसली. तिला आता गाडीत गप्प बसायचं जमत नाही. त्या बिचाऱ्याला सांगते, डावीकडे सायकल, पुढे रिक्षा. तो म्हणतो, काकू, दिसतंय मला. मग ती घाबरून मोठ्याने सांगते.

काल त्याच्याकडून बॉनेट उघडून घेतलं आणि बाजारातून आणलेला तो शेवटचा फिल्टर काढला. खिडकीशी धरला. काय उजेड होता रे! एकूण एक घडी मोजता यावी असा. डाव्या डोळ्याने बघितलं तर अजून काळोख. पुन्हा उजव्याने, पुन्हा डाव्याने. आई म्हणाली, फिल्टरला डोळे मारताय का? मग तो तसाच परत बसवून टाकला. वर्षभर चालेल. तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस, मी ऐकलं नाही.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. माझी किल्ली तुझ्याकडेच राहू दे. ते झालं की एक रविवार ये आणि तिथेच फाटकाशी उभा राहा. गाडी बंद असेल. मी दारातून बघेन. तुझ्या शर्टाची बटणं मोजून सांगेन, आणि ती बरोबर आली तरच किल्ली मागेन.

अप्पा